मत टाकून येते

१४ जून

आज शपथ झाली. मोठ्या दालनात हात वर करून सगळ्यांबरोबर मीही पुटपुटले. शेवटची ओळ माझी चुकली असावी, कारण शेजारची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. पण परत म्हणा असं कोणी म्हटलं नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, चपला चावतायत. त्यांना वाटलं मी विषय टाळतेय. खरंच चावत होत्या.

हे केव्हाच इथले नागरिक झाले. मीच अडून बसले होते. जुना पासपोर्ट देऊन टाकायचा म्हणजे माहेरचं दार आपल्याच हातानं ओढून घेतल्यासारखं वाटायचं. आज दिला. खिडकीतल्या मुलीनं कात्रीनं त्याचा कोपरा कापला आणि रद्द झालेला माझ्या हातात ठेवला. मी आयुष्यभर कात्री चालवली, पण एवढासा कोपरा कापलेला मला बघवला नाही.

केलं ते बारकीसाठी. इथल्या नागरिकालाच सख्ख्या भावाबहिणीला कायमचं बोलावून घेता येतं. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची झाली तरी बारकीच. आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तिची वेणी मी घातली, तिचे फ्रॉक मी शिवले आणि शिवण तिला मीच शिकवलं. तिचे यजमान गेल्यापासून दोन खोल्यांत एकटी असते. मूलबाळ नाही. शिवणाचे क्लास घेते आणि सगळ्या गल्लीला धाकात ठेवते.

भाषेच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलंय, रोज थोडी डायरी लिहा, इथल्या भाषेत. त्या भाषेत मी दूध, बस आणि हवामान एवढंच लिहू शकते. मनातलं आपलं आपल्या भाषेतच बरं.

२ जुलै

बारकीसाठीचा अर्ज भरला. आता वाट बघायची. खिडकीवरचा माणूस म्हणाला, एक-दीड वर्ष धरून चाला. बारकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "ताई, मला थंडी सोसत नाही, मी कशाला तिकडे येऊन तुझ्या डोक्यावर बसू?" मी तिला चांगलीच झापली. लहान असल्यापासून तिचं हेच. खायला दिलं की आधी नको म्हणायचं.

१७ जुलै

निवडणूक जाहीर झाली आहे, ऑक्टोबरात. दुकानात मालकीणबाई दिवसभर तेच बोलत होत्या. आमचं दुकान म्हणजे कपड्यांची दुरुस्ती. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, लग्नात एकदाच घातलेले कोट सैल करायचे. मालकीणबाई पुढे गिऱ्हाईक बघतात आणि मी मागे मशीनवर असते. त्या जन्मानं इथल्याच. तोंडाळ आहेत पण मनात काही ठेवत नाहीत.

आमच्या भागात दोघं उभे आहेत. एक चष्मेवाला आणि एक डॉक्टरीणबाई. मालकीणबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. चष्मेवाल्याचा पक्ष म्हणतो, भावाबहिणींना बोलवायची सोय बंद करणार, पडून असलेल्या अर्जांसकट. नवराबायको आणि मुलं एवढंच म्हणे कुटुंब. डॉक्टरीणबाईंचा पक्ष म्हणतो, आहे ते चालू ठेवू.

म्हणजे मी कोपरा कापून घेतला तो फुकट जायचा. हा चष्मेवाला कुणाचा भाऊ नसेल का?

१८ जुलै

बारकीला सगळं सांगितलं. तिला माझ्या अर्जापेक्षा मतदानाचंच कौतुक. कारण मी जन्मात कधी मत दिलेलं नाही. लग्नाआधी वय बसत नव्हतं. सासरी आल्यावर यादीत नाव लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही आठवण केली नाही. नंतर इथे आलो. इथे इतकी वर्षं मतदानाच्या दिवशी मी मशीनवर आणि बाकीचे रांगेत.

बारकीनं मात्र एकही निवडणूक सोडलेली नाही. ताप असताना रिक्षा करून गेली होती. तिचे नियम ठरलेले. सकाळी लवकर जायचं. चांगली साडी नेसायची. कुणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगायचं नाही. आणि स्वतःच्या पायानं जाऊन स्वतःच्या हातानं टाकायचं, तर ते मत. मला म्हणाली, "ताई, तू मला सगळं शिकवलंस. हे मी तुला शिकवते." मग इतकी हसली की तिला ठसका लागला. बराच वेळ खोकत होती. पाणी पी म्हटलं तर म्हणाली, वहिनींनी दिलंय. शेजारच्या वहिनींचा तिला आधार आहे. हल्ली फोन केला की त्या तिथेच असतात.

६ ऑगस्ट

दुकानात एका गिऱ्हाइकानं उत्तम लोकरी कापड सोडून दिलं, मालकीणबाईंनी मला घ्या म्हटलं. त्याचं बारकीला गरम जाकीट शिवते. आतून अस्तर, पुढे दोन खिसे. थंडी सोसत नाही म्हणते ना, बघूच.

मापं मागवली. तिनं लगेच फोनवर सांगितली. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं मी शेवटची भेटले होते तेव्हाचंच. अर्ध्या इंचाचा फरक नाही. मी ह्यांना म्हटलं, बघा, माझ्या बहिणीनं अंग कसं राखलंय, नाहीतर मी, दरवर्षी एक टाका उसवते. हे हसले नाहीत. त्यांना माझे विनोद उशिरा कळतात.

१९ ऑगस्ट

आज फोन ह्यांनी घेतला. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर हे फोन घेऊन गॅलरीत उभे, दार ओढून. वहिनींचा होता म्हणाले. सहज केला होता म्हणाले. काय म्हणाल्या विचारलं तर म्हणे, काही नाही, पाऊसपाणी.

जेवताना एकदम म्हणाले, तू बारकीकडे जाऊन ये. मी म्हटलं, जाणारच आहे, मतदान झालं की. तर म्हणे, मत काय, पुढच्या वेळी दे. मला इतका राग आला. हे स्वतः दर वेळी मत देतात, घरी येऊन पेपर वाचतात, जसं काही दाढी करून आले. आणि माझ्या पहिल्या मताला पुढच्या वेळी?

२ सप्टेंबर

ह्यांचं टुमणं चालूच आहे. आज म्हणाले, आता तुला तिकडे जायला व्हिसा लागतो, त्याला वेळ लागतो, अर्ज तरी करून ठेवू. माझ्याच गावी जायला मला परवानगी काढायची, हे माहीत असूनही ऐकताना कसंतरी झालं. मी म्हटलं, काय करायचं ते करा.

शेवटी बारकीलाच विचारलं. तिचा आवाज बसलेला होता, क्लासमध्ये ओरडून ओरडून बसतो तसा. मी म्हटलं, हे मागे लागलेत, येऊ का आताच? ती आधी खोकली. मग म्हणाली, "आधी मत टाक. माझ्यासाठी टाक. मग सावकाश ये."

ह्यांना ऐकवलं. ते उठून गॅलरीत गेले.

तिचा चेहरा दिसत नाही, ही एक चुटपुट आहे. तिचा फोन पडला, कॅमेरा फुटला, म्हणून नुसता आवाज येतो. नवा घे म्हटलं तर म्हणते, तू येशील तेव्हा आण.

११ सप्टेंबर

खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात. इथले, पण मला ताई म्हणायला शिकलेत. ते आज जिन्यात भेटले आणि म्हणाले, टपालानंही मत देता येतं. कागद घरी येतो, खूण करायची, पाकिटात घालून पेटीत टाकायचं. ज्यांना त्या दिवशी बाहेरगावी जायचं असतं ते तसंच करतात. म्हणाले, यजमानांनी विचारायला सांगितलं होतं.

मी त्यांना सरळ नाही म्हटलं. विजेचं बिल भरतात तसं मत भरायचं? उभ्या जन्मात एकदा मत द्यायचं, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कढीपत्त्याच्या जुडीशेजारी? बारकीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही.

ह्यांना म्हटलं, पोस्टमनना माझ्यामागे कशाला लावलंत? तर म्हणतात, सोय आहे म्हणून. माझ्या मनात आज एक वाईट विचार आला, लिहूनच टाकते. ह्यांना बारकी इथे यायलाच नको आहे. घर लहान आहे, एक न्हाणीघर आहे, आणि दोघी बहिणी एकत्र आल्या की ह्यांना कोणी विचारत नाही. म्हणून मला मतदानाच्या आधी घालवून द्यायचं आहे. एक मत तेवढंच कमी.

२४ सप्टेंबर

मनातलं आज तोंडून निघालं. भांडणात म्हटलं त्यांना, तुम्ही चष्मेवाल्याला मत देणार आहात. ते पांढरे पडले. मला वाटलं, बरोबर नेम लागला. ते म्हणाले, "मी कुणालाही दिलं तरी तू जाऊन ये. एवढं ऐक माझं."

मी नाही ऐकलं. इतकी वर्षं ऐकलं तेवढं पुरे.

जाकिटाला अस्तर लावून झालं. काजं उरली आहेत.

३ ऑक्टोबर

व्हिसा आला. ह्यांनी पासपोर्ट माझ्या हातात न देता कपाटात ठेवला. तिकीट मतदानानंतरच्या शनिवारचं काढलंय. बारकीला सांगितलं तर नुसतं हं म्हणाली. मग फोन वहिनींनी घेतला. म्हणाल्या, औषध घेतलंय म्हणून झोप येतेय तिला. कसलं औषध विचारलं तर म्हणाल्या, कफाचं. मी त्यांना काढा सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला.

८ ऑक्टोबर

उद्या मतदान. माझी निळी साडी इस्त्री केली. इथे साडी नेसून बाहेर पडले की लोक वळून बघतात म्हणून ती कपाटातच असते. उद्या बघू देत.

मालकीणबाईंनी सकाळची सुट्टी दिली. म्हणाल्या, दुपारी येताना अर्ध्या तासाचं भाषण तयार करून या. त्यांना वाटतंय मी कुठल्या तरी समारंभाला चालले आहे. चाललेच आहे.

९ ऑक्टोबर

मत दिलं.

शाळेच्या व्यायामशाळेत होतं. जमिनीवर खेळाच्या रेघा आखलेल्या आणि त्यांच्यावर टेबलं. रांग नव्हतीच. मी सकाळी लवकर गेले तर माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. कुत्र्यालाही आत सोडतात. टेबलावरच्या मुलीनं माझं नाव वाचताना दोनदा अडखळून तिसऱ्यांदा जमवलं आणि एक घडी केलेला कागद दिला. पुठ्ठ्याचा आडोसा होता. दोरीला बांधलेली पेन्सिल होती, शिंप्याच्या खडूसारखी झिजलेली. चित्रं नव्हती, नुसती नावं. डॉक्टरीणबाईंचं नाव मी घरी लिहून लिहून पाठ केलं होतं. खूण केली. मग ती नीट दिसते की नाही म्हणून परत गिरवली.

मनात म्हटलं, बारके, ये आता. कागद पेटीत टाकला. बोटाला काही लावलं नाही, कोणी काही बोललं नाही, बाहेर आले तर अजून सकाळच होती. हे फाटकाशी उभे होते. मी त्यांच्याशी धड बोलत नसूनही आले होते. म्हणाले, "चल, बारकीला फोन लाव. आत्ता लाव."

फुटपाथवरच उभं राहून लावला. वहिनी म्हणाल्या, फोन तिच्या कानाशी धरते. कानाशी का धरायचा, तिला हात नाहीत का, असं तेव्हा माझ्या मनात आलं आणि गेलं. मी सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "झालं ना, ताई? शाबास." एवढंच. मला वाटलं होतं खोदून खोदून विचारेल. साडी कुठली नेसलीस, हेसुद्धा विचारलं नाही.

दुपारी कामावर गेले. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. दिवसभर उगाच बेचैन होते. उद्या मोजणी आहे, म्हणून असेल.

१० ऑक्टोबर

बारकी गेली.

११ ऑक्टोबर

काल एवढंच लिहून झालं. आज लिहिते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नाही. ह्यांनी तिकीट आजचं करून घेतलंय, संध्याकाळी निघायचं आहे.

काल निकाल लागला होता. डॉक्टरीणबाई निवडून आल्या, त्यांचा पक्षही. पोस्टमन जिन्यातून ओरडत वर आले, ताई, जिंकलात, तुमची बहीण येणार. मी दार उघडून हसत त्यांच्याकडे बघतेय तोवर मागे ह्यांचा फोन वाजला. हे गॅलरीत गेले. परत आले तेव्हा पोस्टमन अजून दारातच होते. ह्यांचा चेहरा बघून तेच आधी दोन पायऱ्या मागे उतरले.

मी ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. ते हो म्हणाले. ऑगस्टपासून. वहिनींना राहवेना म्हणून त्यांनी सांगितलं होतं, आणि मागोमाग बारकीनं फोन करून ह्यांना माझी शपथ घातली होती. "तिनं सांगू दिलं नाही," म्हणाले, "म्हणून तुला नुसतं जा जा म्हणत राहिलो. याच्यापुढे मला काही सुचलं नाही."

मी चष्मेवाल्याचं बोलले होते तेव्हा त्यांनी काय गिळलं असेल, हे मला कळतं. पण आज मला त्यांची कीव करता येत नाही. शपथ मोडायची होती. माझी शपथ होती ना, मग मीच मेले असते. मोडायची होती.

टपालानं मत दिलं असतं तर व्हिसा आला त्याच दिवशी मी निघाले असते. कागद टेबलावर ठेवून खूण करायची होती, तेवढंच. कढीपत्त्याची जुडी उचलून बाजूला ठेवायची होती.

१३ ऑक्टोबर

विमानतळावर दोन रांगा. एक आपल्या लोकांची, एक परदेशी नागरिकांची. मी सवयीनं आपल्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे पोचल्यावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघून मला तिकडे जायला सांगितलं. तो उद्धटपणे बोलला नाही. आपल्याच भाषेत बोलला, मावशी म्हणाला. दुसऱ्या रांगेत परत पहिल्यापासून उभी राहिले. तिथल्या माणसानं विचारलं, कशासाठी आलात. माझ्या तोंडून निघालं, बहिणीला न्यायला. त्यानं शिक्का मारला.

घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मीच फोनवर सांगितलं होतं, थांबू नका.

१५ ऑक्टोबर

वहिनी हळूहळू सांगतात. थोडं सांगतात, मग चहा ठेवायला उठतात. जूनपासून तिला जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी पोटातलं म्हणून सांगितलं, आणि फार उशीर झाला म्हणूनही सांगितलं. फोन कधी पडलाच नव्हता. कॅमेरा धडधाकट आहे, मी उघडून बघितला.

मी विचारलं, मला का नाही येऊ दिलं. वहिनी म्हणाल्या, "मी पण भांडले हो तिच्याशी. ती म्हणायची, ताई आली तर माझी सगळी उठबस तिला करावी लागेल. लहानपणी एकदा केलंय तिनं, स्वतःचं खेळायचं वय असताना. पुन्हा नाही करू देणार. आणि म्हणायची, तिनं जन्मात स्वतःसाठी काही केलं नाही, एक मत तरी तिला टाकू द्या."

तेही तिच्याचसाठी टाकलं मी. हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. मी तिची उठबस करायला किती आनंदानं आले असते, हे तिला कोणी सांगायचं होतं? मीच सांगायला हवं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींना आयुष्यभर नको नको म्हटलं आणि त्यालाच प्रेम समजलो.

संध्याकाळी तिचे कपडे आवरायला घेतले. ब्लाऊज उलटे केले आणि तिथेच बसले. उसवून नव्यानं शिवायला तिला बळ नव्हतं, म्हणून आतून नुसते हातानं टाके घालून आवळलेले. एका शिवणीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. बाहेरची सरळ, मशीनसारखी. आतली वाकडीतिकडी, एकेक टाका बोटभर लांब. तिला हा टाका मी शिकवला. कोण केव्हा किती बारीक झालं, हे मला दोरा बघून कळतं, आणि फोनवर तिनं सांगितलेली मापं मी जशीच्या तशी लिहून घेतली. इतक्या वर्षांत अर्धा इंच न हलणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. शिंपीण म्हणवते स्वतःला.

जाकीट वहिनींना दिलं. त्यांना दंडात घट्ट होतं. सैल करून दिलं.

२२ ऑक्टोबर

परत आले. हे विमानतळावर उभे होते. घरी आल्यावर त्यांनी वरण-भात वाढला. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ते उठून मीठ घेऊन आले. एवढं बोलणं झालं.

५ डिसेंबर

बारकीचा अर्ज रद्द करायला गेले. तोच माणूस खिडकीवर होता. कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, वाईट वाटलं, आता कायदा तसाच राहणार म्हणून तुमचा अर्ज पुढे सरकत होता. चांगला माणूस आहे, पण मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

ह्यांच्यावरचा राग ओसरतोय. ओसरू द्यायचा नाही असं ठरवते आणि मग ते गॅलरीत एकटे उभे दिसतात. काल मीही जाऊन उभी राहिले.

२६ मार्च

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पँटी आल्या, पँटी गेल्या.

आज दुकानात एक बाई आली, चाळिशीची, आपल्याकडची नव्हे, तिसऱ्याच कुठल्या देशातली. बरोबर एक उंच, लाजरा माणूस. मालकीणबाई जेवायला गेल्या होत्या म्हणून मी पुढे आले. ती म्हणाली, हा माझा धाकटा भाऊ, मागच्या आठवड्यात आला, सोमवारपासून कामावर जाणार, कामाच्या पँटची उंची कमी करायची आहे. इथली भाषा तिला माझ्याइतकीच येत होती, त्यामुळे आमचं छान जमलं. भावाला काहीच येत नव्हती. त्याला काही विचारलं की उत्तर ती द्यायची. पट्टा इथे लावतो, चप्पल अमुक घालतो, सगळं तिला माहीत.

मी खाली बसून त्याच्या पायाशी टाचण्या लावत होते. ती वरून बोलत होती. अर्ज दीड वर्ष पडून होता म्हणाली. निवडणुकीत तो दुसरा पक्ष निवडून आला असता तर संपलं होतं. या भावासाठीच ती दोन वर्षांपूर्वी इथली नागरिक झाली, वगैरे. मग तिनं विचारलं, तुम्ही मत दिलं होतं का? मी म्हटलं, हो, डॉक्टरीणबाईंना. बारकीचा तो नियम मी आज मोडला.

मला तिचा हेवा वाटला. इतका की टाचणी बोटात गेली. माझ्या बहिणीनं काय वाईट केलं होतं आणि या लांबड्यानं काय चांगलं केलं, असंही मनात आलं. तो बिचारा टाचण्यांच्या भीतीनं पाय न हलवता उभा होता.

तिनं विचारलं, "मग तुमचं कोण आलं?"

मी म्हटलं, "माझं कोणी यायचं नव्हतं."

तिनं पर्स खाली ठेवली. मग खाली वाकून तिनं माझा टाचण्यांचा हात धरला आणि म्हणाली, "तुमचं कोणी नसताना तुम्ही आमच्यासाठी मत दिलंत?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मत तुमचं नव्हतं, माझ्या बारकीचं होतं, तिच्या नावानं मी ते दोनदा गिरवलं होतं, असं सांगायचं होतं. भाऊ वरून तिच्याकडे बघत होता, आपल्या ताईला रडायला काय झालं ते त्याला कळेना.

मी म्हटलं, "हो. तुमच्यासाठी दिलं."

मग मागे जाऊन मशीनवर बसले. थोडा वेळ सुईत दोरा जाईना. पँट गुरुवारी न्यायला या म्हणून सांगितलंय. दोघं मिळून येणार आहेत.